पिवळ्या कॅसेटमधले जपानी गेम आणि त्यांचे कागद: संग्रह कसा करावा

माझ्या टेबलावर एक पोस्टकार्ड आहे. हडसन या जपानी कंपनीच्या एका जुन्या फॅमिकॉम (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं यंत्र) गेमच्या खोक्यात ते तळाशी चिकटून बसलं होतं. वरच्या कोपऱ्यात तिकिटासाठी चौकट, आत ४० हा आकडा. मागच्या बाजूला कुणा पोराने पेन्सिलीने नाव, वय, आवडीचे गेम असं सगळं भरलंय. तिकीट मात्र लावलेलं नाही. म्हणून ते कंपनीकडे गेलं नाही, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनी डोंबिवलीत येऊन पडलं. त्या खोक्यातली कॅसेट कुणी मागितली तर मी देऊन टाकीन. कार्ड नाही देणार.

जुन्या जपानी गेमांचा संग्रह म्हटलं की लोक कॅसेटांच्या मागे लागतात. कमी प्रसिद्ध गेमांच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे. कॅसेट टिकते, कारण ती प्लास्टिकची असते आणि घरात कुणी फेकत नाही. फेकले जातात ते कागद: माहितीपुस्तिका, दुकानातली जाहिरातपत्रकं, नोंदणीकार्डं, मासिकं. गाजलेल्या गेमांचे कागद कुणी ना कुणी छापून, स्कॅन करून ठेवतंच. मधल्या फळीतल्या गेमांचं तसं नसतं. तिथे खरा संग्रह कागदांचा, आणि अजून तरी तो मध्यमवर्गीय खिशाला झेपतो.

आधी तुमच्या गेमचं खरं नाव शोधा

सुरुवात घरापासून करा. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत आपण ज्याला "टीव्ही गेम" म्हणायचो ते यंत्र निन्टेंडोच्या फॅमिली कॉम्प्युटरची, म्हणजे फॅमिकॉमची, नक्कल होतं. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं. अमेरिकेत गेलेल्या यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना, जपानी कॅसेटला ६०. आपल्याकडच्या बहुतेक नकली यंत्रांची खाच ६० पिनांची होती. त्यामुळे "९९९९ इन १" लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये आपल्याला जे मिळालं, ते बरंचसं जपानी बाजारातलं होतं. (९९९९ नव्हतेच. काही डझन गेम नावं बदलून पुन्हापुन्हा यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी सगळे शेवटच्या पानापर्यंत जायचे.)

याचा एक गमतीदार परिणाम आहे. आपला "टँक" म्हणजे नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी. गुलाबी आणि निळा असे दोन पेंग्विन आरशातल्यासारखे उलटसुलट चालतात आणि पिंजऱ्यातल्या हृदयापर्यंत एकाच वेळी पोचतात, तो हडसनचा बायनरी लँड, तोही १९८५ चा. हडसनचाच नट्स अँड मिल्क, निन्टेंडोचा एफ-१ रेस. हे चारही गेम त्या काळी अमेरिकेतल्या दुकानांत आलेच नाहीत. तिकडच्या संग्राहकाला जे दुर्मीळ जपानी प्रकरण वाटतं, ते आपल्या पिढीने ठाण्या-नाशकाच्या चाळींत जेवणाच्या हाका ऐकू न येईपर्यंत खेळलेलं आहे. आणखी एक: जपानी पोरंही कॅसेटला "कासेत्तो"च म्हणायची. कार्ट्रिज म्हणणारे आपण दोघंही नव्हे.

नकली कॅसेटमध्ये पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव अनेकदा पुसलेलं असायचं, म्हणून खरं नाव शोधायला थोडे कष्ट आहेत. आठवेल ते इंग्रजीत लिहून शोधा. गेम सापडला की विकिपीडियावरच्या त्याच्या इंग्रजी पानावर जा, भाषांच्या यादीतून जपानी निवडा आणि तिथलं शीर्षक जसंच्या तसं कॉपी करून वहीत किंवा फोनमध्ये जपून ठेवा. पुढचा सगळा शोध या जपानी अक्षरांनीच करायचा. इंग्रजी नावाने शोधलं तर तीच वस्तू परदेशी खरेदीदारांसाठी चढवलेल्या भावात दिसते. शीर्षकाबरोबर कंपनी आणि विक्रीची तारीख, एवढ्या दोन गोष्टी टिपून ठेवा. पुढे वस्तू खरी की खोटी ते यावरच ताडायचंय.

एकच विहीर खणा

नवखा माणूस "मी जपानी रेट्रो गोळा करतो" म्हणतो आणि वर्षभरात त्याच्याकडे पन्नास वस्तू जमतात, एकीचा दुसरीशी संबंध नाही. एक कंपनी, एक मालिका किंवा एक वस्तुप्रकार धरा. मी हडसन धरली. कारणं सांगतो, म्हणजे तुमची निवड करताना काय बघायचं ते कळेल.

हडसन १९७३ मध्ये साप्पोरोला सुरू झाली. आधी हॅम रेडिओचं सामान विकायची. नाव आलं हडसन जातीच्या वाफेच्या इंजिनावरून. मालकांना आगगाड्यांचं वेड होतं. फॅमिकॉमसाठी निन्टेंडोच्या बाहेरच्या कंपन्यांनी गेम काढायला सुरुवात केली ती हडसनपासून, जुलै १९८४ मध्ये, नट्स अँड मिल्क आणि लोड रनर या जोडीने. मार्च २०१२ मध्ये ती कोनामीत विलीन झाली. म्हणजे गोष्टीला सुरुवात आहे, शेवट आहे, यादी कधीतरी संपणारी आहे. शिवाय या कंपनीला जाहिरातीची भारी हौस. १९८५ पासून उन्हाळ्यात "कॅरॅव्हॅन" नावाने देशभर गेमस्पर्धा भरवायची, आणि अशा स्पर्धा म्हटल्या की टोप्या, स्टिकर, पत्रकं, बक्षिसं आलीच.

आणि एक माणूस. आपल्या पिवळ्या कॅसेटमध्ये गवताचा घागरा घालून कुऱ्हाडी फेकत पळणारा एक टोपीवाला होता, आठवतो? तो अ‍ॅडव्हेंचर आयलंड, सप्टेंबर १९८६ चा. जपानमध्ये गेमचं नाव "ताकाहाशी मेइजिन नो बोकेनजिमा", आणि तो टोपीवाला म्हणजे ताकाहाशी मेइजिन, हडसनच्या जाहिरात विभागात नोकरीला असलेला खराखुरा माणूस. सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी तो जपानभर प्रसिद्ध होता. आपण एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला गोगलगायी चुकवत पळवत होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

तुम्ही जालेको घ्या, सनसॉफ्ट घ्या, आयरेम घ्या (त्यांच्या सुरुवातीच्या कॅसेटांवर चालू झाल्यावर लागणारा छोटा लाल दिवा असतो, त्यावर मी एकदा जवळजवळ घसरलो होतो). कुठलीही घ्या, पण एक घ्या.

काय काय मिळतं

सर्वांत सोपी वस्तू माहितीपुस्तिका, जपानीत सेत्सुमेईशो. सुटी विकत मिळते, कॅसेटपेक्षा हलकी, आणि चित्रं हमखास. गेममध्ये चार चौकोनांचा दिसणारा प्राणी कलाकाराच्या डोक्यात मुळात कसा होता, ते इथे कळतं.

चिराशी म्हणजे दुकानात फुकट वाटलेलं जाहिरातपत्रक. माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत समाधान देणारी वस्तू. त्यावर बऱ्याचदा गेम पूर्ण होण्याआधीचे पडदे छापलेले असतात, बाजारात आलेल्या गेमपेक्षा वेगळे.

ओबी म्हणजे खोक्याच्या किंवा तबकडीच्या कण्याला गुंडाळलेली कागदी पट्टी. ती सीडीवरच्या गेमांना असते, म्हणजे पीसी इंजिन, सॅटर्न, प्लेस्टेशन या यंत्रांच्या. पहिल्याच दिवशी फाडून टाकली जायची, त्यामुळे ओबीसकट आणि ओबीविना किमतीत बराच फरक पडतो.

कोर्याकुबोन म्हणजे गेम कसा जिंकायचा ते सांगणारं पुस्तक. नकाशे सुंदर असतात, पण वजन फार, आणि वजनाचा भुर्दंड टपालात बसतो. मासिकांचंही तेच. तोकुमा शोतेनचं फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन १९८५ च्या जुलैत सुरू झालं, आज फामित्सू म्हणून माहीत असलेलं मासिक जून १९८६ मध्ये. पहिल्यात गेममधल्या क्लृप्त्यांची यादी यायची आणि त्यात मुद्दाम एक खोटी घुसडलेली असायची, वाचकांनी ओळखावी म्हणून. तेव्हा जुनं मासिक वाचून रात्रभर एखादी क्लृप्ती जमत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. त्याआधीचं, १९८४ च्या अखेरीस निघालेलं बीप. त्याच्या काही अंकांसोबत गेमच्या संगीताची पातळ, वाकणारी तबकडी यायची. अंक मिळतो, तबकडी गायब असते. विकत घेताना आधी तेच विचारा.

संगीताची आवड असेल तर रेकॉर्डींचं वेगळंच दालन आहे. संगीतकार हारुओमी होसोनो यांनी नामकोच्या गेमांच्या संगीताची एलपी एप्रिल १९८४ मध्ये काढली होती. पुढे अल्फा कंपनीने १९८६ पासून जीएमओ या नावाने गेमसंगीताच्या रेकॉर्डी काढल्या.

टेलिफोन कार्डं: जपानमध्ये ही डिसेंबर १९८२ पासून आली आणि कंपन्या त्यावर हवं ते छापून बक्षीस म्हणून वाटायच्या. वापरलेल्या कार्डाला बारीक भोक पडतं, त्यामुळे न वापरलेलं ओळखणं सोपं. आकार आपल्या एटीएम कार्डाएवढा. पाकिटात येतं, फुटत नाही, टपाल स्वस्त. नवख्यासाठी उत्तम.

शिताजिकी म्हणजे वहीच्या पानाखाली ठेवायची प्लास्टिकची चित्रपाटी. शाळकरी पोरांची वस्तू, त्यामुळे ओरखडे असणारच. ओरखडे नसलेली शोधत बसलात तर म्हातारे व्हाल.

हडसनपुरतं सांगायचं तर १९८७ चं "शूटिंग वॉच" हे मनगटी घड्याळासारखं दिसणारं खेळणं १० सेकंदांत बटण किती वेळा दाबलं ते मोजतं. एमएसएक्स या घरगुती संगणकांसाठी १९८५ मध्ये काढलेली बी-कार्डं, म्हणजे गेम भरलेली पत्त्याएवढी कार्डं. पीसी इंजिनवर कॅसेटऐवजी चालणाऱ्या ह्यूकार्डांची ती थोरली भावंडं, आणि गेम मोजकेच निघाल्यामुळे यादी पूर्ण करायचा मोह होतो. कॅरॅव्हॅनसाठी काढलेल्या खास आवृत्त्याही आहेत, जशी १९८९ ची गनहेड या गेमची. पण त्या वाटेला पहिल्या दोन वर्षांत जाऊ नका.

एक वस्तू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारी १९८६ मध्ये आलेल्या फॅमिकॉम डिस्क सिस्टिमच्या तबकड्या दुकानातल्या यंत्रावर ५०० येनमध्ये पुसून नवीन गेम भरून मिळायचा. त्यासोबतची माहिती एका साध्या कागदावर, वेगळे १०० येन देऊन. ही सेवा २००३ पर्यंत चालली. ते घडी घातलेले साधे कागद आज फारसे कुणी मागत नाही. मी मागतो.

विक्रेत्याची भाषा

जपानी येत नसलं तरी चालतं. गूगल लेन्सने पान वाचता येतं. पण काही शब्द कानाला ओळखीचे असावेत, कारण भाषांतर इथेच गोंधळ घालतं. "हाको-सेत्सु त्सुकी" म्हणजे खोकं आणि माहितीपुस्तिकेसह. "हादाका" म्हणजे नुसती कॅसेट, शब्दशः उघडी. "बिहिन" म्हणजे चांगल्या स्थितीतली. "हियाके" म्हणजे उन्हाने उडालेला रंग, आणि खोक्याचा कणा उडालेला असेल तर तो फोटोत मुद्दाम दाखवलेला नसतो. "हिबाईहिन" म्हणजे विक्रीसाठी नसलेली, वाटलेली वस्तू. "मिकाईफू" म्हणजे न उघडलेलं. "दोसा मिकाकुनिन" म्हणजे चालते की नाही तपासलेलं नाही. पुष्कळदा ते तपासलेलं असतं आणि चालत नसतं, पण मी हे चिडून लिहितोय. "जंक" म्हणजे जसं आहे तसं, तक्रार चालणार नाही. कागदाच्या बाबतीत मात्र जंक हा शब्द दिसला की घाबरू नका. जंक म्हणून विकलेल्या खोक्यात कॅसेट मेलेली आणि कागद कोरा करकरीत, असं मला दोनदा मिळालंय.

"ओमाके" म्हणजे सोबत फुकट दिलेलं. एखाद्या कॅसेटच्या वर्णनात शेवटी "पत्रक ओमाके" असं लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला त्या पत्रकाची किंमत कळलेली नाही. थांबू नका.

कागदाचं वय कागदच सांगतो

हा भाग नीट वाचा, कारण नकली आणि पुनर्मुद्रित माल ओळखायला याहून स्वस्त साधन नाही. जपानी कागदावर तारीख नसली तरी चार ठिकाणी वय लपलेलं असतं.

एक, पोस्टकार्डाचं टपाल. १९८१ च्या एप्रिलपासून पोस्टकार्डाला ४० येन लागायचे, १ एप्रिल १९८९ पासून ४१, जानेवारी १९९४ पासून ५०. माझ्या कार्डावर ४० आहे, म्हणजे ते १९८९ च्या एप्रिलआधीचं. ४१ असेल तर तुम्ही जेमतेम पाच वर्षांच्या खिडकीत आहात.

दोन, दूरध्वनी क्रमांक. टोकियोच्या ०३ नंतर सात आकडे असतील तर १९९० किंवा आधीचं. १ जानेवारी १९९१ पासून पुढे ३ लागून आठ आकडे झाले. ओसाकाच्या ०६ ला हाच बदल १९९९ च्या सुरुवातीला झाला.

तीन, पिनकोड. सात आकडी पिनकोड २ फेब्रुवारी १९९८ पासून. त्याआधी तीन किंवा पाच. १९८६ च्या म्हणून विकलेल्या पत्रकावर सात आकडी पिनकोड दिसला तर पान बंद करा आणि चहा घ्या.

चार, कर. विक्रीकर म्हणून जपानमध्ये सगळ्या वस्तूंवर लागणारा कर १ एप्रिल १९८९ पासून आला, आधी ३ टक्के, १ एप्रिल १९९७ पासून ५. पुस्तक-मासिकाच्या किमतीशेजारी करासह किंवा कर वेगळा असा उल्लेख असेल तर ते १९८९ नंतरचं छापलेलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर "ओकुझुके" नावाची चौकट असते, तिथे आवृत्ती आणि कितवी छपाई ते येतं. वर्ष कधीकधी सम्राटाच्या कालगणनेत असतं. शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेई असेल तर १९८८. शोवा ६० म्हणजे १९८५.

नवीन छापलेल्या नकला ओळखायला दहा पट भिंग पुरतं. जुन्या ऑफसेट छपाईत रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी नियमित नक्षी दिसते. घरगुती इंकजेटमध्ये ठिपके अस्ताव्यस्त फवारल्यासारखे. काळी अक्षरं बघा: खऱ्या छपाईत कडा स्वच्छ, स्कॅन करून छापलेल्यात काळ्या अक्षराच्या कडेलाही रंगीत ठिपके. विक्रेत्याकडे भिंगातून काढलेला फोटो मागायला संकोच करू नका. ज्याची वस्तू खरी असते तो पाठवतो.

विकत घेताना

जपानमधल्या बहुतेक दुकानांचा आणि लिलावांचा माल थेट भारतात येत नाही. मधला हस्तक लागतो: बायी, झेनमार्केट यांसारख्या सेवा तुमच्या वतीने याहू ऑक्शन, मेरकारी, सुरुगाया इथून वस्तू घेतात, आपल्या गोदामात ठेवतात आणि तुमच्याकडे पाठवतात. खर्च पाच थरांत येतो. वस्तूची किंमत, जपानमधलं टपाल, हस्तकाचं शुल्क, परदेशी टपाल, आणि आपल्याकडचं सीमाशुल्क. पहिला थर बघून उड्या मारणारे पाचव्या थराला बसकण मारतात. पहिली ऑर्डर देण्याआधी कागदावर पाचही आकडे मांडा. चारशे येनचं पत्रक एकटं मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उपाय सोपा आहे: गोदामात साठू द्या आणि एकत्र पाठवायला सांगा. विनामूल्य साठवणुकीला दिवसांची मर्यादा असते, ती आधी वाचा. मी वर्षातून दोनदाच मागवतो, दिवाळीनंतर आणि होळीच्या आसपास. पावसाळ्यात कागद मागवायचा नाही, हा नियम मी एका भिजलेल्या खोक्याची किंमत देऊन शिकलो.

लिलावात शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावून जिंकायची हुशारी तिकडे चालत नाही. याहू ऑक्शनवर बहुतेक लिलाव शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आपोआप पाच मिनिटं लांबतात. आपली कमाल किंमत ठरवा, एकदाच टाका, झोपा.

सीमाशुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून आकडा इथे देत नाही. त्या महिन्यातला दर बघूनच हिशेब करा. कुरिअरने आलं तर ओळखपत्राची कागदपत्रं मागतात, ती तयार ठेवा. आणि "विक्रेत्याला पाकिटावर गिफ्ट लिहायला सांग" असा सल्ला देणाऱ्या मित्राचं ऐकू नका. टपालाने आलेल्या भेटवस्तूंना शुल्कमाफी मिळण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. सूट उरली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. पेंग्विनांच्या गेमचं पत्रक राखी म्हणून खपवता येईल असं मला वाटत नाही.

पुण्या-मुंबईतून कामानिमित्त टोकियोला जाणारे आता पुष्कळ आहेत. त्यातले तुम्ही असाल तर अकिहाबाराच्या आधी नाकानोला जा. नाकानो ब्रॉडवे या जुन्या इमारतीत मांदाराके या जुन्या वस्तूंच्या साखळीची दुकानं मजल्यामजल्यांवर पसरलीत. कागदाच्या वस्तू तिथे चांगल्या निवडून लावलेल्या असतात. मासिकांसाठी जिम्बोचो, पुस्तकांच्या दुकानांचा मोहल्ला, आपल्या अप्पा बळवंत चौकाचा थोरला भाऊ. अकिहाबारातलं सुपर पोटॅटो बघायला छान आहे, भाव पर्यटकांचे. ओसाकाला असाल तर निप्पोनबाशीचं डेन डेन टाउन. खरी मजा मात्र शहराबाहेरच्या हार्ड ऑफ या जुन्या सामानाच्या दुकानांतल्या जंक टोपल्यांमध्ये. त्यात अर्धा दिवस उकिडवं बसायची तयारी ठेवा.

घरी आल्यावर

खोकं उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मला एकदा "खोकं आणि पुस्तिकेसह" म्हणून घेतलेल्या गेममध्ये भलत्याच गेमची पुस्तिका आली. फोटो होते म्हणून पैसे परत मिळाले.

मग वास घ्या. जपानी जुन्या वस्तूंना सिगारेटचा वास फार असतो. एका मोठ्या बंद डब्यात वाटीभर खायचा सोडा ठेवा, कागद त्याला न लागेल असा जाळीवर ठेवा, आठवडाभर विसरून जा. किमतीची लेबलं नखाने काढू नका. केस वाळवायच्या यंत्राची मंद गरम हवा लांबून द्या आणि लेबल तिरकं, हळू सोलत जा. सुटत नसेल तर राहू द्या. दुकानाचं लेबलही इतिहासच आहे, असं म्हणून मी माझ्या फसलेल्या तीन प्रयत्नांवर पांघरूण घालतो.

पाकिटं घेताना मापाचा एक सापळा आहे. जपानी पत्रकं, मासिकं, शिताजिकी पुष्कळदा बी५ आकाराची असतात, पण जपानी बी५ म्हणजे १८२ × २५७ मिलिमीटर. आपल्याकडे मिळणारं आंतरराष्ट्रीय बी५ म्हणजे १७६ × २५०. सहासात मिलिमीटर कमी. जबरदस्तीने घातलं की कोपरे गेले. सरळ ए४ ची पाकिटं घ्या. पोस्टकार्ड १०० × १४८ असतं, त्याला चार बाय सहा इंची फोटोंचा अल्बम नेमका बसतो. टेलिफोन कार्डांना क्रिकेटच्या पत्त्यांचे नऊ कप्प्यांचे कागद.

पाकिटाचं प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन किंवा पेट असावं. मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास येणारं पारदर्शक प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. त्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि शाई त्याला चिकटते. मी सुरुवातीला स्टेशनबाहेरच्या दुकानातून असाच अल्बम घेतला होता. दोन पावसाळ्यांनी पान उलटलं तर नट्स अँड मिल्कच्या पत्रकावरचा गुलाबी रंग अर्धा कागदावर, अर्धा प्लास्टिकवर. रबराची छोटी बाहुली-खेळणी आणि कॅसेटही एकमेकांना लागू देऊ नका. रबरातलं तेच तेल कॅसेटचं प्लास्टिक खातं.

कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे खरं युद्ध. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र कपाटात ठेवा. आतला आकडा ४० ते ५५ च्या दरम्यान राहिला तर उत्तम, ६५ च्या वर सतत गेला तर बुरशी ठरलेली. भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, कपाट टेकवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं, म्हणजे कधी वाळवायचं ते कळेल. डांबराच्या गोळ्या नकोत. आईने साड्यांत घातल्या म्हणून आपणही घालतो, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, चिकट होतं. कसर लागू नये म्हणून डबा घट्ट आणि घर स्वच्छ, एवढंच. बुरशी दिसलीच तर तोंडाला फडकं बांधून गच्चीवर सावलीत वाळवा आणि पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने झाडा. ओली असताना पुसली की डाग कायमचा.

शूटिंग वॉचसारख्या वस्तूतला बटण-सेल पहिल्याच दिवशी काढा. सेलोटेप, रबरबँड, स्टेपलर यांना त्या खोलीत बंदी.

नोंद आणि स्कॅन

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि साध्या तक्त्यात लिहा: काय, कोणत्या गेमचं, कुठून, किती येन, एकूण रुपये किती पडले, स्थिती कशी. "एकूण रुपये" हा रकाना प्रामाणिकपणे भरला की पुढच्या ऑर्डरीचं वेड आपोआप उतरतं.

कागद ६०० डीपीआयवर स्कॅन करा. ठिपक्यांची नक्षी त्यात टिकते आणि पुढे कुणाला नकली पत्रकाशी ताडून बघायला उपयोगी पडते. जपानी पोरं कॅसेटच्या पाठीवर, पुस्तिकेच्या आतल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी लिहायची. नावामुळे भाव पडतो, मला मात्र ती वस्तू आधी हवी असते. पण नाव-पत्ता असलेला कागद स्कॅन करून कुठे टाकणार असाल तर तेवढा भाग झाका. तो माणूस आज पन्नाशीत असेल आणि कदाचित त्याच पत्त्यावर राहत असेल.

माझ्या पोस्टकार्डाचा स्कॅन मी तसाच केला, वरच्या तीन ओळी झाकून. खालच्या उरल्या. वय नऊ. आवडता गेम: पेंग्विनांचा, म्हणजे बायनरी लँड. शेवटचा प्रश्न, यापुढे कोणता गेम काढावा असं तुम्हाला वाटतं? पोराने आधी काहीतरी लिहून खोडलंय, मग ठळक अक्षरांत लिहिलंय: पेंग्विनांचा दुसरा भाग. तो कधी निघाला नाही.